प्रवासाबद्दल इंग्रजीत बोलताना या चुका टाळा

‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या सुंदर ठिकाणाबद्दल सांगा’ हा प्रश्न आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या चाचणीच्या तोंडी परीक्षेत येतो, नोकरीच्या मुलाखतीत येतो आणि इंग्रजी संभाषणाच्या प्रत्येक वर्गातही येतो. या तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड हातात पडल्यावर विचार करायला एक मिनिट मिळते आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटे सलग बोलावे लागते. प्रश्न सोपा असतो आणि विद्यार्थीही हुशार असतात, तरीही मराठवाड्यातील मुलामुलींना शिकवताना त्याच त्या चुका मला दरवर्षी ऐकाव्या लागतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे न पाहिलेल्या ठिकाणाचे पाठ केलेले उत्तर. नळदुर्गजवळच्या एका खेड्यातील मुलगा सराव मुलाखतीसाठी माझ्यासमोर बसला होता. त्याने स्वित्झर्लंडचे वर्णन सुरू केले. बर्फाच्छादित शिखरे, काचेसारखे स्वच्छ तळे, मनाला मिळालेली शांती, सगळे एका सुरात आणि एकाही शब्दावर न अडखळता चालले होते. मी मध्येच विचारले, “हाउ डिड यू गेट देअर?” तो थांबला, त्याने पहिले वाक्य पुन्हा म्हटले आणि त्यानंतर त्याला एकही शब्द सुचेना. नंतर तो म्हणाला, “सर, नोट्समधलं पाठ केलं होतं. आमच्याकडं सांगण्यासारखं काय आहे?”

मी त्याला नळदुर्गच्या किल्ल्याबद्दल मराठीतच बोलायला सांगितले. पावसाळ्यात काकांबरोबर तो पाणीमहालात उतरला होता. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला तो महाल, डोक्यावरून वाहत जाऊन खिडकीसमोर कोसळणारे पाणी, तोंडावर येणारे तुषार आणि शेजारच्या माणसाचेही बोलणे ऐकू येऊ न देणारा आवाज, हे सारे त्याने एका दमात सांगितले. तेच इंग्रजीत सांगायला लावल्यावर वाक्ये लहान झाली, परंतु ती त्याची स्वतःची होती: “द वॉटर फॉल्स राइट इन फ्रंट ऑफ द विंडो. यू कान्ट हिअर द पर्सन नेक्स्ट टू यू.” याच वाक्यांवर मी पुढचे प्रश्न विचारले आणि या वेळी त्याला उत्तरे शोधावी लागली नाहीत.

तुम्ही खरोखर तेथे गेला होता की नाही, हे परीक्षक तपासत नाहीत. गुण ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना समान वजन देऊन दिले जातात. पाठांतर मात्र लगेच ओळखू येते, कारण पाठ केलेल्या भागातील भारी इंग्रजी आणि पुढच्या साध्या प्रश्नाला दिलेले तुटक उत्तर यांतील अंतर लपत नाही. तयार उत्तरांच्या झेरॉक्स विकणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी, कारण आठ दिवसांत बँड, म्हणजे गुणांची श्रेणी, वाढवण्याची घाई असलेल्या मुलाला ते जे देतात, ते पहिल्या उपप्रश्नालाच संपते. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, औंढा, माहूर, कंधार हे सारे आपल्या जिल्ह्यांत असताना बर्फ उसना आणण्याचे कारणच नाही.

दुसरी चूक म्हणजे विशेषणांचा मारा. ‘ब्यूटिफुल’, ‘अमेझिंग’, ‘माइंड-ब्लोइंग’ हे शब्द वेरूळलाही लागू पडतात आणि गोव्यालाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. माझ्या वर्गात प्रत्यक्ष पाहिलेल्या तीन गोष्टी सांगितल्याखेरीज ‘ब्यूटिफुल’ म्हणायला परवानगी नाही. कैलास लेण्याबद्दल बोलायचे असेल, तर ते बांधलेले नसून एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले आहे, हे आधी सांगावे: “नोबडी बिल्ट दिस टेंपल. इट वॉज कट आउट ऑफ वन रॉक, फ्रॉम द टॉप डाउन.” त्यानंतर बाजूच्या डोंगरावर चढून खाली पाहिल्यावर मंडपाच्या छतावरचे चार सिंह कसे दिसतात, ते सांगावे. पुढे उन्हातून आत गेल्यावर दगड पायाला किती गार लागतो, याचे एक वाक्य पुरे. व्याकरणातील कर्मणी प्रयोग येथे आपोआप येतो, त्यासाठी वेगळे वाक्य घोकावे लागत नाही.

काळाची गल्लत नेहमीची आहे. ‘आय हॅव व्हिजिटेड अजिंठा लास्ट इयर’ हे चूक आहे. वर्ष सांगितले की साधा भूतकाळ, म्हणजे ‘आय व्हिजिटेड’. मात्र जे आजही तसेच आहे, ते वर्तमानकाळात सांगावे: “वी वॉक्ड फ्रॉम केव्ह टू केव्ह ऑल मॉर्निंग. द केव्ह्ज आर कट इंटू अ कर्व्ह्ड क्लिफ अबव्ह द वाघूर रिव्हर.” ‘सीनरीज’ असे अनेकवचन होत नाही. ‘वी वेंट टू देअर’ मधला ‘टू’ काढून टाकावा.

पहाटे उठणे, डबे भरणे, गाडीला झालेला उशीर यांत वेळ घालवू नये, नाहीतर ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच दोन मिनिटे संपतात.

स्थानिक नाव आले की त्याचा परिचय त्याच वाक्यात द्यावा. नुसते ‘नाथसागर’ म्हटल्याने परक्या माणसाला काही कळत नाही. “नाथसागर, द ह्यूज लेक बिहाइंड अ डॅम ऑन द गोदावरी” असे म्हटल्यावर हिवाळ्यात तेथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांकडे सहज वळता येते. हुरड्याबद्दलही तसेच करावे: ज्वारीचे कोवळे दाणे शेतातच निखाऱ्यावर भाजून खातात, एवढे सांगितले की पुरते.

उच्चारांच्या बाबतीत अमेरिकी ढब उसनी आणू नये. मराठी वळणाबद्दल गुण कापले जात नाहीत, बोलणे कळत नसेल तर जातात. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ तेवढे सोडावे.

शेवटी तोंडी परीक्षेच्या तिसऱ्या भागाविषयी, कारण त्याची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. तेथे पर्यटनामुळे ठिकाणांचे नुकसान होते का, असे मत विचारणारे प्रश्न येतात आणि विद्यार्थी ‘यस, पोल्यूशन’ एवढे म्हणून थांबतात. मी अशा वेळी अजिंठ्याचेच उदाहरण वापरायला लावतो. तेथे खासगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरजवळ थांबवली जातात आणि पुढे बसने जावे लागते. आधी मत, मग हे उदाहरण आणि मग थोडी गैरसोय सोसून लेण्यांतील चित्रे खराब होण्यापासून वाचत असतील तर ते योग्य आहे की नाही याचे उत्तर, अशा क्रमाने विद्यार्थी मिनिटभर सहज बोलतो. घरी मोबाइलवर हेच ध्वनिमुद्रित करावे, आणि ऐकताना आपण कुठे अडखळलो यापेक्षा कुठे मोघम बोललो, तेथे खूण करावी.