कोल्हापुरात जुनं सामान घेताना या चुका टाळा

शनिवार-रविवार जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालायची असतील, तर उभ्या उभ्या बघून भाव विचारू नका. सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडतात. आधी खाली बसा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शहरातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं होतं. तेव्हा भिजलेलं फर्निचर पॉलिश होऊन तुमच्यासमोर येऊ शकतं.

मी असंच एक सागवानी टेबल घेतलं. वरची फळी इतकी सुरेख की बाकी काही बघावंसंच वाटलं नाही. पावसाळा लागला आणि ड्रॉवर अडकून बसला. जोर लावून काढला, तर मागच्या खाचेत वाळून दगड झालेला गाळ. नखानं खरवडला की पीठ पडायचं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही हे खरंच, पण मीही ड्रॉवर काढून बघितला नव्हता.

आता ड्रॉवर पूर्ण बाहेर काढतो, आत नाक घालून कुबट वास येतो का बघतो. चारही पायांवर एकाच उंचीला डाग, खालचेच स्क्रू गंजलेले, पाठीचं प्लाय फुगलेलं, म्हणजे ते पाण्यात उभं होतं. सागवान सावरतं, फुगलेलं प्लाय पूर्ववत होत नाही, ते बदलायचा खर्च भावातून वजा करायला सांगा. असं टेबल घरी आलंच असेल, तर कडक उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ड्रॉवर घासत असेल तर त्याच्या कडांना मेणबत्ती चोळा.

पितळेसाठी खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे. पातेल्यात स्वयंपाक करणार असाल तर कल्हई बघा. ती उडालेली असेल तर नवी करून घेईपर्यंत त्यात चिंचेची आमटी, ताक अजिबात नको.

एचएमटीच्या जुन्या घड्याळाची डायल झगझगीत आणि अक्षरं जाडसर दिसली, तर ती बहुतेक पुन्हा रंगवलेली असते. आणि राम-सीतेचं चित्र असलेलं ‘1818 चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’ कुणी दाखवलं, तर सरळ परत द्या. कंपनीनं तसलं नाणं कधी पाडलंच नव्हतं.

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काहीच पक्कं करू नका. “मामा, जरा बाहेर उजेडात बघतो,” म्हणा आणि वस्तू दारात घेऊन या.