मेथोट्रेक्सेट सुरू होतंय? आधी वार ठरवा

रुमॅटॉइड आर्थरायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचं, निदान होऊन डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, की घरी येऊन आधी वार ठरवायचा. बाकी सगळं मागाहून. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही, दिवसाआड नाही, आणि ‘आज फार दुखतंय’ म्हणून वरची एक तर मुळीच नाही. आईच्या वेळी रिपोर्टांची फाइल, शेकायची पिशवी, सगळं जमवलं आणि वार तेवढा ठरवला नाही. बीपीच्या गोळ्यांबरोबर हीही रोज जात राहिली. तोंड आलं, घास गिळेना, तेव्हा उलगडा झाला आणि दवाखान्यात दाखल करावं लागलं. आता मावशीचं सुरू होतंय, म्हणून ही यादी.

तज्ज्ञांकडे जायच्या आधीपासून धरू. हाताची सूज सकाळी असते आणि नंबर लागतो दुपारी, तोवर बोटं बरीच मोकळी झालेली असतात. म्हणून सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांचे फोटो काढा. मूठ पूर्ण कधी वळली तेही लिहून ठेवा. डॉक्टर हे विचारणारच, आणि ‘थोडा वेळ आखडतात’ या उत्तराचा त्यांना उपयोग नाही. झिजेचं दुखणं असेल तर साधारण अर्ध्या तासात सांधे सुटतात. रुमॅटॉइडमध्ये तास-तास जातो, कधी त्याहून जास्त. अलीकडे चिकुनगुनिया झाला असेल तर न विचारता सांगा, त्यानंतरही सांधे असेच धरतात. ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारे), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या आजाराच्या खुणा शोधणारे) हे रक्ताचे रिपोर्ट बरोबर असू द्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नका, आजार असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो. उलट तो पॉझिटिव्ह असलेली धडधाकट माणसंही असतात. अंगठी आणि घट्ट बांगड्या आजच काढा, नंतर कापाव्या लागतात.

औषधाआधी रक्ततपासण्या होतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), बहुतेकदा कावीळ बी आणि सी, शिवाय छातीचा एक्स-रे. कंटाळू नका, कारण या औषधाचा ताण यकृतावर आणि रक्त तयार होण्यावर येतो. दारू घेत असाल तर खरं सांगा. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधी सांगा, गर्भाला हे औषध घातक आहे. कोणा ओळखीच्यांनी आणून दिलेल्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांपुढे ठेवा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो.

आता पुन्हा वार. उपासाचा वार नको, कारण गोळी जेवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी मळमळ होऊ शकते, म्हणून आम्ही शनिवारची रात्र धरली आहे. कालनिर्णयावर दर शनिवारी लाल गोल, आणि गोळी घेतली की त्यावर फुली. फुली दिसली की गोळी नाही, मग घरात कोणी काहीही म्हणो. गोळ्यांच्या रोजच्या डब्यात हे पाकीट जाताच कामा नये, वेगळ्या डबीत ठेवा. केमिस्टकडे काउंटरवरच पाकिटावर मार्करने ‘फक्त शनिवार’ असं लिहून घ्या. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे अक्षरांत आहे ना बघा, नसेल तर परत आत जाऊन लिहून आणा. रिसेप्शनवाल्या वैतागल्या तर वैतागू द्या.

सोबत फॉलिक ॲसिड देतात, तेही बहुधा वेगळ्या वारी. इथे नीट लक्ष द्या: फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि फॉल्व्हाइट म्हणजे फॉलिक ॲसिड. घाईत एकाच्या जागी दुसरं वाचलं जातं. डोस चुकला तर डॉक्टरांना फोन करा, पुढच्या आठवड्यात दोन्ही मिळून घेऊ नका. चुकून जास्त गेला तर त्रास होवो न होवो, तडक हॉस्पिटल गाठा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर घर चालवायचंच आहे. सकाळी आधी कोमट पाण्याने अंघोळ, मग काम. कणीक दुसऱ्याने मळावी. दुधाचं पातेलं सांडशीत एका हाताने उचलू नका, दोन्ही तळवे लावून कानाचं भांडं उचला. कपडे पिळायचे नाहीत, नळावर टांगून निथळू द्या. कुकरचं झाकण घरातल्या पोरांना उघडायला लावा, त्यांनाही दोन हात आहेत. मधल्या काळात स्टिरॉइडची छोटी गोळी देतात, तिने एकदम बरं वाटतं. म्हणून ती आपल्या मनाने वाढवायची नाही आणि अचानक बंदही करायची नाही. ‘आंबट सोडा, टोमॅटो सोडा’ म्हणणाऱ्यांना हो म्हणा आणि जेवा. विडी-सिगारेट मात्र खरंच सोडा.

पुढचं भरभर. रक्ततपासणी सांगतील तेव्हा, बरं वाटत असलं तरी. तोंड आलं, ताप, कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे यातलं काहीही झालं तर पुढच्या शनिवारची गोळी न घेता आधी फोन. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, अगदी दातांच्या, तरी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गाला कोट्रायमॉक्साझोल देतात, ते यासोबत चालत नाही. कोणतीही लस विचारून. याच आजारासाठी सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा तपासून घ्या. सल्फासॅलाझिनची असेल तर लघवी नारिंगी होते, घाबरू नका.