शांघायच्या युयुआन कंदील उत्सवाला जाताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक तारखेची. मुख्य दिवस म्हणजे चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्याची पौर्णिमा, बहुतेक वेळा आपली माघी पौर्णिमाच, 2026 ला मात्र 3 मार्च म्हणजे होळीच्या आसपास. लोक हट्टाने तीच रात्र धरतात आणि माणसांच्या पाठी बघून येतात. अहो कंदील चिनी नववर्षाच्या आधीपासूनच लागलेले असतात, त्यामुळे सुट्टीचा आठवडा संपला की पौर्णिमेआधीचा एखादा मधला वार पकडा.

दुसरं, युयुआन बाग आणि कंदील यात गोंधळ नको. मिंग काळातली ती बाग संध्याकाळी बंद होते, रोषणाई असते बाहेरच्या बाजारात आणि नऊ वळणांच्या पुलाजवळच्या तळ्यात. रात्रीच्या एंट्रीला अलीकडे वेगळं तिकीट लागतं, पासपोर्ट जवळ ठेवा.

पुलावर मधेच थांबू नका, मागून लोंढा येतच असतो. 2014 च्या 31 डिसेंबरला जवळच्याच 'बंड' नावाच्या नदीकिनाऱ्यावर चेंगराचेंगरीत 36 जण गेले, म्हणून पोलीस हात करतील त्या दिशेनेच चाला आणि सोबतच्यांशी भेटायची जागा आधीच ठरवा. खूप गर्दी झाली तर युयुआन स्टेशनवर मेट्रो थांबत नाही असंही होतं, मग लाइन 8 चं दाशिजे स्टेशन गाठायचं, साधारण वीस मिनिटं चालावं लागतं.

आता शाकाहारींनो, हे नीट वाचा. या सणाचा पदार्थ म्हणजे टांगयुआन, तांदळाच्या पिठीचे उकडीसारखे मऊ गोळे, आत काळ्या तिळाचं गोड सारण. दिसायला एकदम शुद्ध शाकाहारी, पण पारंपरिक सारणात डुकराची चरबी घालतात! गोड आहे म्हणजे चालेल असं धरून खाऊ नका, 'यात डुकराची चरबी आहे का' हे चिनीत लिहून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

फोनवरून आठवलं, तिथल्या वायफायवर गुगल मॅप्स आणि व्हॉट्सॲप चालत नाही, इथूनच रोमिंग घ्या आणि तिथे पैसे द्यायच्या अलीपे ॲपला कार्ड घरीच जोडा.

फोटोत कंदील पांढरेफटक येत असतील तर स्क्रीनवर कंदिलावर बोट दाबून ब्राइटनेस खाली ओढा. आणि अंधार पडायच्या आत पोचा, आकाश निळं असताना तारेच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, त्याच्या कडा, रंगाचे फटकारे सगळं दिसतं, काळोखात नुसता उजेड उरतो.