आधी मणका, मग लेझर

फोटोअकूस्टिक इमेजिंगवर पीएचडी करायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, लेझर हाताळता आला की झालं. प्रत्यक्षात पहिले सहा महिने हाडांतच गेले. नव्याने येणाऱ्यांनाही मी तेच सांगतो.

तत्त्व सोपं आहे. काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झोत रक्तावर पडला की ते अंशाच्या हजाराव्या भागाइतकं तापतं, फुगतं आणि त्यातून ध्वनिलहर निघते. ती सोनोग्राफीच्या प्रोबने ऐकायची. प्रकाशातून आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० सालीच दाखवलं होतं. मणक्यातले स्क्रू नीट बसावेत म्हणून हे तंत्र वापरण्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मुयिनाटू बेल यांच्या गटाने काम केलंय. मानवी मणक्यावरचा त्यांचा २०१८चा पेपर आधी वाचा. (दोन्ही बेल, हा निव्वळ योगायोग.)

मणके जोडताना सर्जन पेडिकलमधून स्क्रू घालतात. पेडिकल म्हणजे मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारा हाडाचा अरुंद बोळ. छातीच्या काही मणक्यांत त्याची रुंदी जेमतेम ४-५ मिलिमीटर. आतलं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं. भोवती टणक कवच. आणि कवचाच्या पलीकडे, शरीराच्या मध्याच्या बाजूला, मज्जारज्जू.

पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहिलो तेव्हा सर्जन टोकाला बारीक गोळी असलेली सळई स्क्रूसाठी पाडलेल्या भोकात घालून चारही भिंती आणि तळ चाचपत होते. "बघायचं काय त्यात? हाताला कळतं," म्हणाले. आपली स्पर्धा त्या हाताशी आहे, हे मला तिथे उमगलं. आमच्या पद्धतीत लेझरचा प्रकाश नेणारा ऑप्टिकल फायबर त्याच भोकात घालायचा आणि प्रोब बाहेर धरायचा. स्पंजी भागात सिग्नल जोरकस आणि पसरट येतो, कवचापाशी क्षीण आणि आटोपशीर. सर्जनला यातून एवढंच हवं असतं, की भिंत लांब आहे की जवळ आली. देखणं चित्र दाखवून ते खूश होत नाहीत.

आता माझे घोळ. खाटकाकडून बोकडाचे मणके आणले. मांस सुटावं म्हणून कुकरला तीन शिट्ट्या काढल्या आणि गॅलरीत वाळवले. पांढरेशुभ्र झाले, आणि सिग्नल गायब! रक्त तर गेलंच होतं, शिवाय रिकाम्या छिद्रांत हवा भरली होती, आणि हवेतून अल्ट्रासाउंड पुढे सरकत नाही. वाळलेलं हाड वापरायचंच असेल तर पाण्यात बुडवून व्हॅक्यूममध्ये ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. तेव्हापासून मी हाडं ताजी आणतो. फ्रीझर उघडला की आई विचारते, "हे रश्श्याचं की तुझं?"

दुसरा घोळ यापेक्षा लाजिरवाणा. जिलेटिनमध्ये ३० मिलिमीटर खोल पेन्सिलचं शिसं पुरलं होतं, चित्रात ते १५वर दिसत होतं. दोन दिवस मी प्रोब बदलत बसलो. सोनोग्राफीचं मशीन आवाज जाऊन परत येतो असं धरून अंतर निम्मं करतं. इथे आवाज फक्त येतो! शिवाय मशीन सगळीकडे सेकंदाला १५४० मीटर वेग धरतं. हाडाच्या कवचात तो त्याच्या दुपटीच्या आसपास असतो, त्यामुळे ठिपका सरकतो. के-वेव्ह हा ध्वनिलहरींचं सिम्युलेशन करणारा मोफत टूलबॉक्स घेऊन आधी कॉम्प्युटरवर हे खेळून बघा, लेझरचे तास वाचतील.

गॉगल त्या-त्या तरंगलांबीचाच हवा. ७६० नॅनोमीटरचा झोत डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

मागच्या महिन्यात त्याच सर्जनना स्क्रीन दाखवली. "मान वळवून बघायला वेळ कुणाला आहे?" म्हणाले. म्हणून सध्या मी सिग्नलमधला फरक बीपमध्ये बदलतोय. बीप भिंतीच्या किती अलीकडे वाजावी, यावर आमचं अजून जमलेलं नाही.