जुनी भारी गाडी बंद पडली? आधी पाना खाली ठेवा (या चुका टाळा)

गाडी बंद पडली की पहिला पाना कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला. जळगावात हे इतकं बघितलंय की सांगायचाही कंटाळा आलाय. भो, आधी दोनच गोष्टी बघ, फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे का आणि प्लगला ठिणगी येते का, आणि हे बंद पडल्या पडल्या बघायचं, चहा पिऊन आल्यावर नाही, कारण ठिणगीच्या सर्किटमधला, तापून रुसलेला कंडेन्सर थंड झाला की साळसूद होतो, गाडी चालू होते आणि पुढच्या चढाला परत तेच.

एका लग्नासाठी 1920 च्या दशकातली विलायती गाडी चाळीसगावहून कन्नड घाटाने वर न्यायची होती, मे महिना. अर्ध्या घाटात आचके देत बंद. मी मागच्या जीपमधून उतरेपर्यंत गाडी चालवणाऱ्या पोराने कार्ब्युरेटर खोलून रुमालावर मांडलाही होता आणि त्याचा जेट, म्हणजे बारीक भोकाची पितळी नळी, गेला खडीत. पाऊण तास अख्खं वऱ्हाड वाकून जेट शोधतंय, वरून येणारा प्रत्येक ट्रकवाला विचारतोय, "काय व्हयनं रे भो?"

कार्ब्युरेटर ठणठणीत होता. या गाड्यांना बॉनेटखाली व्हॅक्यूमची छोटी टाकी असते, इंजिनच्या ओढीने ती मागच्या टाकीतलं पेट्रोल वर खेचते आणि तिथून ते आपल्या वजनाने खाली उतरतं. चढावर थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) पूर्ण उघडा राहिला की ओढच संपते, टाकी कोरडी पडते. पोराने तळापासून पाय दाबून ठेवलेला. वरच्या बुचातून थोडं पेट्रोल ओतलं, गाडी चालू. तेव्हापासून मी दर वळणाला क्षणभर पाय सोडतो, टाकी घोटभर पिऊन घेते.

यावर इलेक्ट्रिक पंप बसवणारे शहाणे वेगळेच. वाटीतला तरंगता फ्लोट सुईने पेट्रोल अडवतो, पंपाचा दाब त्या सुईला झेपत नाही, पेट्रोल तापलेल्या इंजिनवर सांडतं. मग पळा.

दुसरी चूक मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्राची. त्याचा स्विच उलटा असतो, बंद करायचं म्हणजे अर्थिंग द्यायचं, वायर गाडीच्या सांगाड्याला, चासिसला, जोडायची. स्विचची वायर घासून चासिसला टेकली की ठिणगी गायब, आणि लोक मॅग्नेटो काढून रिवाइंडिंगला पाठवतात! आधी ती वायर सोडवून हँडल मारून बघा ना. फक्त मग गाडी स्विचने बंद होणार नाही, पेट्रोलचा कॉक बंद करावा लागेल.

रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवाले नशीबवान, सहा सिलिंडरला बारा प्लग, एक संच मॅग्नेटोवर, दुसरा बॅटरीच्या कॉइलवर. एकावर चालते आणि दुसऱ्यावर नाही, तर पेट्रोलकडे बघूच नका.

हँडल मारताना ठिणगीचा लिव्हर मागे (ठिणगी उशिरा पडेल असा), अंगठा बोटांच्याच बाजूला. नाहीतर हँडल उलटा झटका मारतं आणि मनगट जातं.

कॉर्कचा फ्लोट असेल तर इथेनॉलवालं पेट्रोल त्याचं शेलॅक (लाखेचा लेप) खातं, फ्लोट बुडतो.

आणि टाकीच्या झाकणाचं भोक. त्यातून हवा आत गेली नाही तर पेट्रोल पुढे येत नाही. एकाने वास येतो म्हणून त्यात मेण भरलं होतं, झाकण सैल केलं तर सुंऽऽ करून हवा आत गेली. घोस्टला मात्र झाकण घट्टच लागतं, तिथे टाकीत हवेचा दाब भरूनच पेट्रोल पुढे ढकलतात.