ड्रॉपडाउन भरताना होणाऱ्या या चुका टाळा

एएसपी डॉट नेट एमव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ड्रॉपडाउन भरण्यासाठी 'सिलेक्टलिस्ट' या क्लासला एक यादी आणि तिच्यातील नोंदींच्या दोन प्रॉपर्टींची (म्हणजे माहितीच्या रकान्यांची) नावे द्यावी लागतात: आधी व्हॅल्यू, म्हणजे फॉर्मसोबत पाठवायची किंमत, आणि मग टेक्स्ट, म्हणजे यादीत दिसणारा मजकूर. बहुतेक जण 'आयडी' आणि 'नेम' ही नावे सरळ अवतरणचिन्हांत लिहून मोकळे होतात. कोड तपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपायलरच्या लेखी ती नुसती अक्षरे असल्यामुळे नाव चुकले तरी बिल्ड निमूटपणे पार पडते.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका अर्जाच्या फॉर्मवर तालुक्यांची यादी होती. एका सहकाऱ्याने 'तालुका' क्लासमधील 'नेम' ही प्रॉपर्टी रिनेम करून 'तालुकानेम' केली आणि व्हिज्युअल स्टुडिओने अवतरणांतले शब्द तेवढे वगळून बाकी सगळीकडे बदल केला. चाचणी सर्व्हरवर फॉर्म व्यवस्थित उघडला, कारण तिथले तालुक्यांचे टेबल रिकामे होते. प्रॉपर्टीचा शोध सिलेक्टलिस्ट तयार होताना घेतला जात नाही; तो व्ह्यू, म्हणजे पानाचा साचा, रेंडर होताना एकेका नोंदीसाठी घेतला जातो, त्यामुळे नोंदच नसेल तर चूकही उघडी पडत नाही. लाइव्ह सर्व्हरवर मात्र नोंदी होत्या आणि त्या नावाची प्रॉपर्टीच नाही, अशी डेटाबाइंडिंगची एरर पहिल्याच अर्जदारापुढे आली. एरर कुठे आली ते सांगणारा स्टॅक ट्रेस व्ह्यूतली ओळ दाखवत होता, दोष यादी तयार करणाऱ्या कंट्रोलरमध्ये होता, आणि तो सापडेपर्यंत अर्धी रात्र सरली.

सी शार्प 6 मध्ये, म्हणजे 2015 साली, प्रॉपर्टीचे नाव कंपायलरकडून तपासून घेऊन अक्षरांत देणारे 'नेमऑफ' आले, तेव्हापासून मी दुसरे काही लिहीत नाही. नाव बदलले की बिल्डच अडते, आणि अडावेच. काही जण ही नावे कॉन्स्टंटमध्ये ठेवून सुधारणा केल्याचे समाधान मानतात. त्यांनी चूक फक्त दुसऱ्या फाइलमध्ये हलवलेली असते.

नेमऑफ शेवटचाच तुकडा देते, हे मात्र लक्षात ठेवावे. तालुक्यातून जिल्ह्याचे नाव काढायचे असेल, तर त्याच्याकडून 'डिस्ट्रिक्ट डॉट नेम' मिळत नाही, नुसते 'नेम' मिळते. अशा वेळी मी यादी आधी 'टूलिस्ट'ने मेमरीत आणतो आणि 'सिलेक्ट'मधील लॅम्डाने, म्हणजे जागीच लिहिलेल्या छोट्या फंक्शनने, प्रत्येक नोंदीचा 'सिलेक्टलिस्टआयटम' बनवतो. दोन ओळी जास्त लागतात म्हणून नवशिक्यांना याचा कंटाळा येतो. मला रात्री येणाऱ्या फोनचा येतो.

व्हॅल्यू आणि टेक्स्ट यांचा क्रम उलटा झाला, तर नेमऑफही वाचवत नाही. यादीत आकडे दिसू लागले की आधी तेच पाहावे. व्हॅलिडेशन फसून फॉर्म परत दाखवताना यादी पुन्हा भरावी लागते, हे विसरणारे तर रोज भेटतात. आणि कंट्रोलरकडून व्ह्यूला माहिती नेणाऱ्या व्ह्यूबॅगमधल्या यादीला मॉडेलमधील प्रॉपर्टीचेच नाव देऊ नये. दिले, तर आधी निवडलेला पर्याय निवडलेला दिसत नाही आणि लोक डेटाबेस तपासत बसतात.