पराभूतांवर लादलेले तह : या चुका टाळा

सराव परीक्षेचे पेपर तपासायला घेतले की पहिल्या दहा-बारा पेपरांतच कळतं, कुणाच्या नोट्स पाठ केल्यात ते. ‘व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर १३२ अब्ज मार्कांची खंडणी लादली, त्यामुळे हिटलर आला.’ शब्द न् शब्द तोच, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. व्हर्सायचा तह म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर विजेत्यांनी हरलेल्या जर्मनीशी केलेला तह. कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. या एका ओळीत तीन चुका आहेत, हे दरवर्षी नव्या बॅचला नव्याने सांगावं लागतं. आता लिहूनच ठेवते.

१३२ अब्जांचा आकडा तहात नाही

मागे कागलचा एक मुलगा होता. हुशार, पण भारी उतावळा. याच वाक्याचे गुण कापले म्हणून तावातावाने भांडायला आला. मी वाद घातला नाही. तहातल्या नुकसानभरपाईच्या प्रकरणाची, म्हणजे कलम २३१ ते २४७ ची प्रिंट त्याच्या हातात ठेवली, एक पेन्सिल दिली आणि म्हटलं, “आकडा सापडला की खाली रेघ मार. गुण परत देते.”

क्लास सुटला, खाली भेळेची गाडी लागली, तरी हा बाकावरच. एका हातात मोबाईलवर डिक्शनरी, दुसऱ्या हातात पेन्सिल. कलम २३५ पाशी त्याने जोरात रेघ ओढली, मग पुन्हा वाचलं आणि थांबला. शेवटचं पान उलटून झाल्यावर म्हणाला, “मॅडम, ह्यात वीस अब्ज हाय. एकशे बत्तीस कुठंच नाही की ओ!”

नाहीच आहे. २८ जून १९१९ ला सही झाली तेव्हा एकूण रक्कम ठरलीच नव्हती. तहाने एवढंच म्हटलं की एप्रिल १९२१ अखेरपर्यंत जर्मनीने २० अब्ज सुवर्ण मार्कांइतका भरणा करावा, आणि एकूण आकडा विजेत्यांच्या भरपाई आयोगाने १ मे १९२१ पर्यंत कळवावा. १३२ अब्ज आले ते मे १९२१ मध्ये, भरपाई फेडण्याच्या लंडनच्या वेळापत्रकात. म्हणजे जर्मनीने सही केली तेव्हा आकड्याची जागा कोरीच होती. खरा जाच तिथे होता, आणि नेमका तोच या उत्तरांतून गळतो.

पुढची गोष्ट गाईडमध्ये मिळत नाही. ते १३२ अब्ज तीन प्रकारच्या रोख्यांत विभागलेले होते : १२, ३८ आणि ८२ अब्ज. शेवटचे ८२ अब्जांचे रोखे जर्मनीची ऐपत वाढली तरच काढायचे होते. ते कधी वसूल होतील असं ठरवणाऱ्यांनाही फारसं वाटत नव्हतं. खरा भार ५० अब्जांचा.

आणि ‘खंडणी’ म्हणू नका. १८७१ च्या फ्रँकफुर्ट तहात जर्मनीने फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँक घेतले, ती युद्धखंडणी. हरलास, मोज पैसे. १९१९ ची मागणी नागरिकांच्या नुकसानीची भरपाई म्हणून मांडली होती. त्यात सैनिकांची निवृत्तिवेतनं घुसडून ती फुगवली, हे खरं. पण शब्द बदलला की अख्खा युक्तिवाद बदलतो.

माझी सवय सांगते. वहीत कुठलाही आकडा उतरवला की समासात ‘कशात? कधी?’ एवढं लिहायचं. उत्तर सापडेपर्यंत तो आकडा पेपरात वापरायचा नाही. वेळ जातो, जाऊ दे. एका रात्रीत महायुद्ध उरकणाऱ्यांना मी बॅचमध्ये घेतच नाही.

कलम २३१ मध्ये ‘दोष’ हा शब्द शोधून दाखवा

‘युद्धदोषाचं कलम’ हे नाव नंतर चिकटलं. कलमात शब्द आहे जबाबदारी : जर्मनी आणि तिच्या मित्रांच्या आक्रमणामुळे लादल्या गेलेल्या युद्धात जे नुकसान झालं, त्याची. भरपाई मागायला कायदेशीर पाया हवा, म्हणून ते घातलं. लगेच खालच्या २३२ मध्ये विजेतेच मान्य करतात की सगळी भरपाई देण्याइतकी जर्मनीची साधनं पुरेशी नाहीत. ऑस्ट्रियाच्या तहात कलम १७७, हंगेरीच्या तहात कलम १६१, मजकूर जवळजवळ तोच. जर्मनांना ते अपमान म्हणून झोंबलं, हेही तितकंच खरं, आणि दोन्ही लिहायला हवं. नुसतं २३१ लिहून २३२ सोडणं म्हणजे अर्धं पान फाडून वाचणं.

या मसुद्यामागे एक तरुण अमेरिकन वकील होता, जॉन फॉस्टर डलेस. बत्तीस वर्षांनी, १९५१ मध्ये, जपानबरोबरचा सॅन फ्रान्सिस्कोचा तह घडवण्यात मुख्य हात त्याचाच. त्या तहाच्या कलम १४ मध्येही हाच सूर : भरपाई द्यायला हवी, पण जपानची साधनं सध्या पुरेशी नाहीत. मात्र या वेळी तहात २३१ सारखं कलम नाही. हे दोन तह शेजारी ठेवून वाचले की मला आजही भरून येतं. माणसं शिकतात, उशिरा का होईना.

‘त्यामुळे हिटलर आला’

तारखा लावा. १९२५ ला लोकार्नोचे समेटाचे करार, १९२६ ला जर्मनी राष्ट्रसंघात. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं. तह तोच, कलमं तीच. मग १९२९ ची जागतिक मंदी आली, बेकारी साठ लाखांवर गेली, आणि जुलै १९३२ मध्ये तीच मतं ३७.३ टक्के. त्याच महिन्यात लोझान परिषदेने नुकसानभरपाई जवळपास मिटवलीसुद्धा. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला ३० जानेवारी १९३३ ला. तहाने राग पुरवला, मंदीने मतदार पुरवले. दोन वाक्यं जास्त लागतात, लिहा.

बाकीच्या चुका झटपट :

११ नोव्हेंबर १९१८ ही शस्त्रसंधी, तह नव्हे.

लोझान दोन आहेत. १९२३ चा तुर्कस्तानशी तह, १९३२ ची भरपाईची परिषद.

ऑटोमन तुर्कस्तानशी झालेला सेव्हर्सचा तह (१९२०) अमलात आलाच नाही. खिलाफत चळवळ लिहिताना तो हवाच, पण ‘लागू झाला’ म्हणू नका.

भारताच्या वतीने व्हर्सायवर भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सही केली. शांतुंग या चिनी प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला दिले, म्हणून चीनने सही नाकारली. अमेरिकेने सही केली, पण सिनेटने मान्यता दिली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीशी १९१९ सारखा शांतता तह झालाच नाही. १९९० चा ‘दोन अधिक चार’ (दोन जर्मनी आणि चार विजेते) करार त्या जागी आला.

‘मराठे युद्धात जिंकले, तहात हरले’ हे वाक्य प्रत्येक तहाला चिकटवू नका. आपल्याच दारातला १७३१ चा वारणेचा तह पाहा. आदल्या वर्षी कोल्हापूरचे संभाजीराजे (शिवाजी महाराजांचे नातू) साताऱ्याच्या शाहू महाराजांकडून हरले होते, तरी वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूरचं राज्य उभं राहिलं.

सगळ्या सीमा व्हर्सायला आखल्या नाहीत

ही चूक पोलंडच्या बाबतीत हमखास. पश्चिमेची सीमा आणि समुद्राकडे जाणारी पट्टी व्हर्सायची. पूर्वेची सीमा मात्र पोलंड आणि सोव्हिएत रशिया लढल्यावर मार्च १९२१ च्या रिगाच्या तहाने ठरली. १९३९ मध्ये तोच पूर्व भाग सोव्हिएत फौजांनी घेतला, आणि १९४० पासून तिथल्या माणसांना सायबेरियाकडे हाकललं. त्यातले हजारो जण पुढे इराणमार्गे आपल्याकडे आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. दरवर्षी एक तास मी वर्गात घेत नाही. पोरांना महावीर उद्यानातल्या त्यांच्या स्मारकापाशी नेते, नकाशा कट्ट्यावर पसरते आणि रिगाची रेघ त्यांनाच पेन्सिलने ओढायला लावते.